पकडीचा ठसा

पोलीस आले तेव्हा प्रणोती सासूबाईंची वेणी घालत होती. दुपारचे साडेचार वाजले होते. फिजिओथेरपी केंद्रातून दोघी एक वाजताच घरी परतल्या होत्या. जेवणं झाली होती आणि सासूबाईंना सांभाळणारी रेहाना मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. दारात दोन बायका उभ्या होत्या, एक साध्या साडीत आणि एक गणवेशात.

"मगदूमांचं घर ना? मी उपनिरीक्षक कोळेकर, घर-सुरक्षा कक्ष. त्रिशला मगदूम याच का?"

"हो, माझ्या सासूबाई. काय झालं?"

"त्यांचा त्वचालेख आलाय आमच्याकडे."

त्वचालेख म्हणजे काय हे प्रणोतीला विचारावं लागलं नाही. ती आठ वर्षं सांगलीच्या कोर्टात वकिली करत होती. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेत तिची निवड होऊन दीड महिना झाला होता. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. असले लेख तिने कोर्टात दुसऱ्यांच्या फायलींत कितीदा पाहिले होते.

ते यंत्र खरं तर अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी निघालं. माणूस एका कुशीवर पडून राहिला की कातडीखाली आधी इजा होते आणि जखम मागाहून दिसते. ती इजा आधीच कळावी म्हणून आरशासारखी एक उभी पाटी तयार झाली. तिच्यासमोर दोन मिनिटं बसायचं. पाटी चौदा प्रकारच्या प्रकाशलहरी अंगावर टाकते, त्यातल्या काही डोळ्यांना दिसतच नाहीत. परत आलेल्या प्रकाशावरून कातडीखाली काय आहे ते तिला कळतं.

मग लोकांच्या लक्षात आलं की या पाटीला मारही दिसतो. मुका मार लागला की बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त कातडीखाली सांडतं. ते रक्त तिथेच विरत जातं आणि विरताना रोज रंग बदलतं. आधी लाल, मग जांभळं, मग हिरवट, शेवटी पिवळं. गोऱ्या कातडीवर हे डोळ्यांना दिसतं, आपल्या सावळ्या कातडीवर बरेचदा काहीच दिसत नाही, आणि म्हणून आपल्याकडे किती बायका "कुठे काय झालंय?" या एका प्रश्नापुढे गप्प बसल्या. पाटीला कातडीच्या रंगाने फरक पडत नाही. कुठला रंग किती उरलाय यावरून ती माराचं वय काही तासांच्या फरकाने सांगते, आणि रक्ताचा आकार पाहून तो कोपऱ्याचा धक्का आहे, काठी आहे की बोटं, हेही सांगते.

नव्या कायद्याने एक गोष्ट पक्की केली होती. बोटांचा ठसा ठरावीक जोराच्या वर असला, तर लेख आपोआप पोलिसांकडे जायचा. डॉक्टरला तो अडवता येत नसे, कारण पूर्वी डॉक्टरच "घरातली गोष्ट आहे" म्हणून तो अडवायचे.

"उजव्या दंडावर पकडीचा ठसा आहे," कोळेकर म्हणाल्या. "आज बारा वाजता लेख घेतला. वय चाळीस ते बावन्न तास. म्हणजे शनिवारी सकाळी आठ ते रात्री आठ. शनिवारी घरात कोण कोण होतं?"

"आम्ही तिघंही होतो, येऊन जाऊन," प्रणोती म्हणाली. "मी दुपारी दोन ते सहा सांगलीला होते. रेहाना एक वाजता लग्नाला गेली. अभिनंदन, माझे मिस्टर, त्यांना सुट्टी होती."

अभिनंदन पाटबंधारे खात्यात उपअभियंता होता. फोन गेल्यावर तो धरणावरच्या कामावरून तासाभरात येऊन पोचला. चिखलाचे बूट दारातच काढून तो आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. एरवी पंधरा दिवसांनी आईला केंद्रात तोच न्यायचा. दर खेपेला तिथे पाटीसमोर बसवून लेख घ्यायचे. मागच्या दोन खेपा त्याला कामामुळे जमलं नव्हतं आणि आज तो लांब गेला होता, म्हणून प्रणोतीने टॅक्सी करून स्वतःच नेलं होतं.

कोळेकरांनी खुर्ची ओढून त्रिशलाबाईंसमोर घेतली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. बुद्धी जागेवर होती, पण बोलणं संथ झालं होतं आणि मधूनच शब्द चुकायचे. चष्मा हवा असला की चमचा मागायच्या आणि स्वतःच हसायच्या.

"आजी, तुमचा हात कुणी धरला? जोरात?"

त्रिशलाबाईंनी डाव्या हाताने पदर उजव्या दंडावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "सून."

प्रणोतीला आधी हसू आलं. "मॅडम, त्यांचे शब्द चुकतात. सूज म्हणायचं असेल."

"आजी, शब्द राहू द्या. बोटाने दाखवा."

त्रिशलाबाईंचा चांगला, डावा हात मांडीवरून उठला. त्यांनी प्रणोतीकडे बोट दाखवलं आणि लगेच मान खाली घातली. अर्धी घातलेली वेणी खांद्यावरून सुटून पुढे आली.

प्रणोती अभिनंदनकडे पाहत राहिली. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटत होतं.

"आई असं का म्हणतेय?" तो हळूच म्हणाला. ते कुणाला उद्देशून होतं, हे तिला कळलं नाही.

सूर्यास्ताच्या आत तिला मिरजेच्या ठाण्यात नेलं. रात्र महिला कोठडीत गेली. दुसऱ्या दिवशी विजयनगरच्या कोर्टात, जिथे ती स्वतः जामिनाचे अर्ज चालवायची, तिथेच ती आरोपी म्हणून उभी राहिली. जामीन झाला. घरापासून दोनशे मीटरच्या आत जायचं नाही आणि कक्षाच्या परवानगीशिवाय पीडितेला भेटायचं नाही, अशा दोन अटी होत्या. दुपारपर्यंत वकिलांच्या गटात बातमी फिरली. 'भावी न्यायाधीश' असं लिहून कुणीतरी पुढे हसण्याचं चित्र टाकलं होतं.

* * *

आरवाडे मॅडम तिच्या ज्येष्ठ वकील. त्यांच्याच हाताखाली ती तयार झाली होती. विश्रामबागेतल्या आपल्या घराची वरची खोली त्यांनी तिला दिली.

"दोन रस्ते आहेत," संध्याकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या. "पहिला म्हणजे काळजीवाहकाच्या थकव्याची कबुली द्यायची. सहा महिने समुपदेशन घ्यायचं. शिक्षा नाही, खटला नाही."

"पण नोंद राहते."

"राहते. न्यायाधीशपद विसरायचं. वकिली चालू राहील."

"आणि दुसरा?"

"सखोल लेख मागायचा. केंद्रातली पाटी नुसती छाननी करते. ठसा आहे एवढंच सांगते. प्रयोगशाळेतलं यंत्र प्रत्येक बोटाची लांबी काढतं, दोन पेरांमधलं अंतर काढतं, दाब कुठल्या दिशेने होता ते काढतं. मग घरातल्या सगळ्यांच्या हातांची मापं घेऊन ताडून बघतात. पण आठव्या दिवसानंतर रक्त पसरतं, कडा पुसट होतात आणि काही कळत नाही. रविवारच्या आत व्हायला हवा. त्यात पीडितेची संमती लागते. कोर्टाकडून आदेश आणायचा म्हटलं तर तीन आठवडे जातील."

"मग संमती मिळवायची."

मॅडमनी कप खाली ठेवला. "प्रणोती, मी तुला पोटच्या पोरीसारखं मानते, म्हणून एकदाच विचारते. ठसा तुझा निघाला तर?"

"मॅडम!"

"तूच धरला असशील असं मी म्हणत नाही. पण ठसा माझा निघणार नाही, असं तू शपथेवर सांगू शकतेस का?"

प्रणोती सांगू शकली नाही. शनिवारी सकाळी साडेआठला तीच त्यांना न्हाऊ घालत होती. साबणाच्या पाण्यावर त्यांचा पाय सरकला होता आणि तिने त्यांना दंडाला धरून सावरलं होतं. किती जोरात? पडणाऱ्या माणसाला कुणी जोर मोजून धरतं का? आणि कुठला दंड? ती डोळे मिटून आठवायला लागली. आधी उजवा वाटला. मग डावा वाटला. दहाव्यांदा आठवलं तेव्हा आपण "नीट उभं राहता येत नाही का?" असं ओरडल्याचंही तिला आठवलं. हे खरंच घडलं होतं, की आता घडत होतं?

दोन वर्षांत ती दमली नव्हती असं नाही. अभ्यास, कोर्ट, घर, सासूबाईंचं उठणं-बसणं. मनातून ती किती वेळा चिडली होती याचा हिशोब कुठल्याच पाटीने लावला नव्हता. पण तिला तो माहीत होता.

म्हणून दोन दिवस तिने सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला, कारण स्वतःवरचा संशय सोसवत नव्हता. सर्वांत आधी रेहानावर. रेहाना पगारी बाई, तिचा जीव कशाला अडकेल? शनिवारी लग्नाला जायची घाई होती, पटकन उठवायला गेली असेल, ओढलं असेल. हे इतकं सहज पटत गेलं की प्रणोतीने ते कागदावर मुद्देसूद लिहूनसुद्धा काढलं.

* * *

बुधवारी अभिनंदन तिचे कपडे आणि कागदपत्रं घेऊन आला. मॅडमच्या घरासमोरच्या हॉटेलात दोघं बसले. त्याने तिच्यासाठी न विचारता उप्पीट मागवलं.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. जेवतेय. मी रजा टाकलीय."

"आणि रेहाना?"

"काढलं तिला. या सगळ्यात घरात परकं माणूस नको."

प्रणोतीने चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुला तिचा संशय आहे?"

"मला कुणाचाच संशय नाही गं." तो फार मऊ आवाजात बोलत होता. "हे बघ, मी आरवाडे मॅडमशी बोललोय. समुपदेशन घे. सहा महिने म्हणजे काय? आठवड्यातून एकदा जायचं, बसायचं. तू घरी येशील. आईचं मन मी वळवीन हळूहळू."

"मी केलेलं नाही, अभि."

"केलंस असं कोण म्हणतंय? थकवा असतो. माणसाकडून होतं."

"मी सखोल लेख मागणार आहे. तुझ्या हाताचं माप देशील?"

तो हसला. "माझं कशाला?"

"सगळ्यांचं घेतात. माझंही घेतील."

"प्रणोती, तुला नियम माहीत आहेत. शासकीय नोकराला अठ्ठेचाळीस तास कोठडी झाली की निलंबन आपोआप होतं. उद्या त्या यंत्राने काहीतरी चुकीचं ताडलं तर? माझी बढतीची फाईल वर गेलीय." तो थांबला. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "तुझी नोकरी अजून सुरू झालेली नाही. माझी चौदा वर्षं झाली."

उप्पीट तसंच राहिलं. तो गेल्यावर प्रणोती बराच वेळ त्याच वाक्यापाशी अडकून बसली. निर्दोष माणसाने असा विचार आधीच करून ठेवलेला असतो का? की भ्यालेला माणूसही असाच बोलतो? ती स्वतः भ्यालेली होती आणि रेहानाविरुद्ध मुद्दे लिहून काढत होती. मग भीतीवरून कुणाचं काय ओळखायचं?

* * *

गुरुवारी सकाळी रेहानाच मॅडमच्या दारात येऊन उभी राहिली. मिरजेहून बसने आली होती. घामाने बुरख्याची कड ओली झाली होती.

"ताई, मी मापं दिली," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "कोळेकर मॅडमना. दोन्ही हातांची. मीच गेले होते ठाण्यात."

"तुला बोलावलं होतं का?"

"नाही बोलावलं. पण कामावरून काढल्यावर गल्लीत सगळे विचारायला लागले, म्हातारीला मारलंस का म्हणून. आता दुसरीकडे काम कोण देणार मला? म्हटलं, यंत्र आहे ना, यंत्रालाच विचारा." तिने प्रणोतीकडे सरळ पाहिलं. "तुम्हीपण माझ्यावरच संशय घेतला असेल."

प्रणोतीने खोटं बोलायचं टाळलं. "घेतला होता."

"असू दे." रेहाना खाली बसली. "एक सांगायला आले. रविवारी मी आईंचं अंग पुसत होते, तर उजवीकडे हात लावू देईनात. दुखतं म्हणाल्या. तुम्ही देवळात गेला होता. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, झोपेत दबलं असेल, प्रणोतीला सांगू नको, तिच्या डोक्याला पडताळणीचा ताण आहे, मी बघतो."

"हे कोळेकरांना सांगितलंस?"

"सांगितलं. लिहून घेतलं. पण त्या म्हणाल्या, म्हातारी स्वतः बोट दाखवते तुमच्याकडे, त्यापुढे हे काय टिकणार?"

रेहाना गेल्यावर प्रणोतीने फिजिओथेरपी केंद्रात फोन केला. मागच्या दोन खेपा का चुकल्या एवढंच तिने विचारलं. पलीकडच्या मुलीने नोंद पाहून सांगितलं, "पेशंटला ताप आहे म्हणून मुलाने रद्द केल्या, मॅडम. दोन्ही वेळा."

गेल्या दोन महिन्यांत सासूबाईंना एकदाही ताप आला नव्हता.

आता तिला कळलं होतं. पण कळलं म्हणजे सिद्ध झालं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. प्रणोती घराबाहेर होती, रेहाना घराबाहेर होती. सोमवारपासून त्रिशलाबाई घरात एकट्या होत्या, रजा टाकून बसलेल्या मुलाबरोबर.

तिने कोळेकरांना फोन लावला. "मला सासूबाईंना भेटायचंय. तुमच्यासमोर, तुमच्या कार्यालयात. संमतीविषयी बोलायचंय."

"आरोपी पीडितेवर दबाव आणतोय असं वाटलं तर मी तिथल्या तिथे थांबवीन," कोळेकर म्हणाल्या. "आणि तसं लिहीन."

"लिहा."

* * *

शुक्रवारी अकरा वाजता अभिनंदन आईची चाकाची खुर्ची ढकलत आला. कोळेकरांनी त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

"आईला माझ्याशिवाय बोलता येत नाही नीट," तो म्हणाला.

"बघू या," कोळेकरांनी दार लावून घेतलं.

त्रिशलाबाईंनी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. केस कुणीतरी पुरुषी हाताने मागे बांधले होते. त्या प्रणोतीकडे बघेनात.

प्रणोतीने येताना बरंच काही ठरवलं होतं. ताप आणि रद्द झालेल्या खेपा. रेहानाचा जबाब. उलटतपासणीत साक्षीदाराला कोपऱ्यात घ्यायची तिला सवय होती. पण समोर साक्षीदार नव्हता. आठ वर्षांपूर्वी "संसार राहील गं, तू आधी अभ्यास कर" म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेणारी बाई होती.

"आई, जेवता का नीट?"

मान हलली.

"मी तुम्हाला नाव विचारायला आले नाही. यंत्राच्या दुसऱ्या तपासणीला हो म्हणा, एवढंच मागते. माझा ठसा निघाला तर निघू दे."

त्रिशलाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"खरंच सांगते. मला माहीत नाही," प्रणोती म्हणाली. "शनिवारी न्हाणीघरात तुम्ही सरकलात तेव्हा मी धरलं होतं. चार रात्री आठवतेय. कधी वाटतं हळू धरलं, कधी वाटतं दात-ओठ खाऊन धरलं. तुम्ही बोट दाखवलंत, तेव्हा मला वाटलं आई खोटं बोलतायत. आता वाटतं, त्यांनाच माहीत असणार. दुखलं त्यांना आहे. मी केलं असेल तर तसं मला सांगा. मी कबूल होईन. पण हे असं आपल्याच हातांकडे बघत जगायला नाही जमणार मला."

कोळेकरांची लेखणी थांबली होती. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं.

त्रिशलाबाईंचे ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"तू... नव्हतीस."

"आई—"

"न्हाणीत... डावा." त्यांनी मान हलवून डावा खांदा दाखवला. "तू डावा धरलास. दुखलं नाही. उजवा... दुपारी. पलंगावरून... उठत नव्हते मी. चिडला तो." डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज तसाच संथ राहिला. "आधीपण... दोनदा. नोकरी जाईल त्याची. तू... कायद्यातली. म्हटलं... तू सुटशील."

"आणि सुटले नसते तर?"

त्यांनी मान डावीकडून उजवीकडे हलवली. "तुला वाटेल... तू मारलंस... हे नव्हतं... डोक्यात आलं."

कोळेकर उठल्या. संमतीचा कागद त्यांनी खुर्चीच्या फळीवर ठेवला. "आजी, सही कराल? नीट वाचून दाखवते आधी."

"वाचता येतं," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "चमचा दे."

प्रणोतीने त्यांच्या पिशवीतून चष्मा काढून दिला. त्यांनी कागद पूर्ण वाचला आणि डाव्या हाताने वाकडी सही केली.

शनिवारी सखोल लेख झाला. डाव्या दंडावर प्रणोतीच्या बोटांचा ठसा होता, छाननीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. उजव्या दंडावर मोठ्या पंजाचा ठसा निघाला, अंगठा पुढे, ओढ समोरून आणि वर. रेहानाच्या मापाशी तो जुळला नाही. त्याखाली पिवळा पडत चाललेला आणखी एक डाग होता, साधारण तीन आठवड्यांचा, पण बोटं मोजता येणार नाहीत इतका पुसट. अभिनंदनने माप द्यायला नकार दिला, तेव्हा आईच्या जबाबावर त्याला अटक झाली. गाडीत बसताना तो कोळेकरांना एवढंच म्हणाला, "मारलं नाही हो मी. उठत नव्हती म्हणून ओढलं." आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

कोठडी तीन दिवसांची झाली. तिसऱ्या दिवशी निलंबनाचा आदेश निघाला.

* * *

प्रणोतीवरचा गुन्हा महिन्याभरात रद्द झाला, पण पडताळणीच्या अर्जातला रकाना रद्द झाला नाही. 'आपणांस कधी अटक झाली आहे काय?' त्यापुढे तिला 'होय' लिहावं लागलं. तिच्या बरोबरीचे सगळे प्रशिक्षणाला गेले आणि तिची फाईल मागे राहिली. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत काहीजण तिला पाहून अजूनही बोलणं थांबवायचे. यंत्र चुकलं, नवऱ्याने अंगावर घेतलं, बाई हुशार आहे, असं एकाने तर तिच्या पाठीमागे म्हटलेलं तिने ऐकलं.

विश्रामबागेत तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्रिशलाबाई तिच्याकडे आल्या. रेहाना परत कामावर आली, मात्र पहिल्याच दिवशी तिने ठणकावलं, "ताई, माझं नाव कुठल्या कागदात लिहायचं झालं तर आधी मला सांगायचं." जामिनावर सुटलेला अभिनंदन रोज संध्याकाळी आईला फोन करायचा. त्रिशलाबाई फोन कानाला लावून ऐकायच्या, जेवलास का विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. प्रणोतीने घटस्फोटाचा अर्ज केला, तेव्हा त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र तिच्या ताटात स्वतःच्या ताटातली भाकरी सरकवली.

कोर्टाच्या आदेशाप्रमाणे आता वर्षभर दर पंधरवड्याला त्यांचा त्वचालेख व्हायचा होता. प्रणोतीचा हात त्यामुळे बदलला. उठवताना ती तळवा उघडा ठेवून फक्त आधार द्यायची, बोटं मिटायची नाही. खुर्चीतून पलंगावर नेताना रेहानाला हाक मारायची. एकदा त्रिशलाबाई पलंगाच्या कडेवरून घसरल्या, तरी तिने त्यांना धरलं नाही. उशी पुढे केली. नंतर मोरीत जाऊन ती रडली.

अकरा महिन्यांनी पडताळणी समितीने तिला पुण्याला बोलावलं. त्रिशलाबाई म्हणाल्या, मी येणार. कुणी विचारलं नाही तरी बाहेर बसेन.

आत तिघं होते. मधल्या गृहस्थांनी फाईल बंद केली. "नियुक्ती देण्यास समितीची हरकत नाही. मात्र पतीच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत घरगुती हिंसाचाराची प्रकरणं तुमच्यापुढे ठेवली जाणार नाहीत. तुम्ही स्वतः त्यात साक्षीदार आहात आणि एकदा आरोपी होतात. पक्षकारांना शंका यायला नको."

"कुणाच्या बाजूने झुकेन याची शंका?" प्रणोतीने विचारलं.

"दोन्ही बाजूंनी," ते म्हणाले. हे ते प्रामाणिकपणे बोलले.

तिने सही केली.

बाहेर येऊन तिने सांगितलं, तेव्हा त्रिशलाबाईंनी तिच्या गालावर हात फिरवला. मग दोघी निघाल्या. आत येताना शिपायाने मागच्या दाराने लिफ्टमधून आणलं होतं, पण लिफ्ट आता बंद होती. पुढे सहा पायऱ्या होत्या. शिपाई रिकामी खुर्ची घेऊन खाली गेला. त्रिशलाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि प्रणोतीने सवयीप्रमाणे उघडा तळवा त्यांच्या कोपराखाली धरला.

पहिल्या पायरीवर त्यांचा उजवा पाय लटपटला. प्रणोतीचा हात जवळ गेला आणि तिथेच थांबला.

"असं नको," त्रिशलाबाई म्हणाल्या. "घट्ट धर."

"आई, परवा लेख आहे. ठसा उठेल."

"उठू दे," त्या म्हणाल्या. शब्द सावकाश पण एकही न चुकता आले. "कुणाचा ते मी सांगीन."

प्रणोतीने बोटं मिटली.